तुंबडीतलं काळं रक्त आणि बंद ठेवलेली गोळी

पत्राचा सारांश: नाशिकला नोकरी करणाऱ्या ३८ वर्षांच्या एका वाचक ताईंचं हे पत्र आहे. त्यांचे वडील, अण्णा, वय ६७. एसटीत ३१ वर्षं ड्रायव्हर होते, आता आईसोबत गावी राहतात. मधुमेह आहे आणि आठ महिन्यांपूर्वी अँजिओप्लास्टी होऊन स्टेंट बसला आहे. कंबरदुखी फार जुनी. पूर्वी पेनकिलरवर निभायचं, स्टेंटनंतर डॉक्टरांनी त्या गोळ्या बंद केल्या. गेले चार महिने अण्णा तालुक्याच्या गावी एका कपिंगवाल्याकडे जातात. तो पाठीवर ब्लेडने बारीक चिरे देतो, वर कप लावून रक्त काढतो आणि कपामागे पैसे घेतो. 'शुगर, बीपी, ब्लॉकेज गोळ्यांशिवाय' अशी पाटी दाराला आहे. आजवर सहा बैठका झाल्या. साकळलेलं काळं रक्त दाखवून 'बघा, एवढं नासकं होतं आत' असं तो सांगतो, आणि अण्णा त्याचे फोटो घरच्या ग्रुपवर टाकतात. मागच्या आठवड्यात आईच्या तोंडून निसटलं की बैठकीआधी दोन दिवस अण्णा 'रक्त पातळ करायच्या' गोळ्या घेत नाहीत, तसं त्यांना सांगितलंय. ताई फोनवर 'भोंदूच्या नादी लागलात' म्हणाल्या, तेव्हापासून अण्णांचा अबोला आहे. भाऊ म्हणतो, 'त्यांना बरं वाटतंय ना, सोड. आणि हे असलं त्यांच्यात चालतं, आपल्यात कुठे होतं?' ताईंचा प्रश्न: 'अण्णांना या अंधश्रद्धेतून बाहेर कसं काढू?' ताजा कलम: 'पाठीवरचे काळे गोल आईला बघवत नाहीत. ते जातील ना?'

ताई,

गोळ्यांबद्दलचं उत्तर तुम्हाला पत्र मिळालं त्याच संध्याकाळी कळवलं होतं. तरी इथे पुन्हा लिहिते, कारण हा प्रकार तुमच्या एकट्यांच्या घरात चालू असेल असं मला वाटत नाही.

तुम्ही पाठवलेल्या गोळ्यांच्या यादीत ॲस्पिरिन आणि क्लोपिडोग्रेल आहे. 'रक्त पातळ करायच्या गोळ्या' म्हणतात त्यांना, पण रक्त काही ताकासारखं पातळ होत नाही. या गोळ्या रक्तातल्या प्लेटलेट्सना, म्हणजे गुठळी करणाऱ्या बारीक पेशींना, एकमेकींना चिकटू देत नाहीत, एवढंच. स्टेंट म्हणजे रक्तवाहिनीत बसवलेली धातूची जाळी. शरीराला ती परकी. तिच्यावर आतलं अस्तर नीट चढेपर्यंत प्लेटलेट्स तिथे गोळा व्हायला टपलेल्या असतात, आणि गुठळी झाली तर थेट हार्ट अटॅक. म्हणून सुरुवातीचे महिने, बहुतेकदा वर्षभर, डॉक्टर दोन्ही गोळ्या चालू ठेवतात. त्या कधी कमी करायच्या हे हृदयाच्या डॉक्टरांनीच ठरवायचं. साधी दाढ काढायची झाली तरी दाताचे डॉक्टर आधी त्यांना विचारून घेतात.

आणि यातली वाईट गंमत अशी, की दोन दिवसांच्या खाड्याने कपिंगवाल्याचाही हेतू साधत नाही. या गोळ्यांचा परिणाम त्या त्या प्लेटलेटच्या आयुष्यभर टिकतो, आणि ते आयुष्य ७ ते १० दिवसांचं. दोन दिवसांत रक्त पूर्ववत होत नाही. चिऱ्यांतून वाहायचं तेवढं वाहतंच, इकडे स्टेंटची राखण मात्र ढिली पडू लागते. शिवाय दोनाचे तीन आणि तीनाचे पाच दिवस कधी होतात ते कुणाच्या लक्षात राहत नाही.

तेव्हा पुढच्या बैठकीचं काय ते नंतर बघू. आधी डॉक्टरांना फोन करून झालेले खाडे तारखांसकट सांगा, आणि 'मला विचारल्याशिवाय एकही गोळी बंद करायची नाही' हे त्यांच्या हाताने चिठ्ठीवर लिहून घ्या. लेकीचं बोलणं आणि डॉक्टरांचं अक्षर, यांत अण्णांच्या पिढीला वजन कशाचं, हे तुम्हाला मी सांगायला नको. आईला एवढंच सांगून ठेवा की छातीत दाब, दरदरून घाम, जबड्यात किंवा हातात कळ, दम, यांतलं काहीही झालं तर आधी १०८, मग तुम्हाला फोन.

आता तुमचा प्रश्न.

'अंधश्रद्धा' हा शब्द मला इथे बसत नाही, ताई. अण्णा कुणाच्या अंगात येतं म्हणून तिथे जात नाहीत. कंबर दुखते म्हणून जातात, आणि परत येताना ती कमी दुखत असते. स्वतःच्या अनुभवावर माणूस विश्वास ठेवणार नाही तर कशावर ठेवेल? त्या अनुभवाचा अर्थ त्यांना चुकीचा सांगितला गेलाय, हे खरं. पण अनुभव खोटा नाही. तुम्ही अनुभवालाच खोटं म्हणालात, म्हणून अबोला आला.

भावाचंही वाक्य तपासायला हवं. 'त्यांच्यात' म्हणजे मुसलमानांत, आणि 'हे असलं' म्हणजे हिजामा, त्यांच्याकडचं कपिंग, असं त्याला म्हणायचं असणार. युनानी वैद्यकात हिजामा आहेच, कोरडा आणि रक्त काढायचा असे दोन्ही प्रकार आहेत, आणि मुसलमान समाजात त्याला धार्मिक आदरही आहे. पण कपिंगसाठीचा आपला जुना 'तुंबडी लावणे' हा शब्द काय बाहेरून आलाय? वाळवलेल्या भोपळ्याची ती तुंबडी. माझ्या आजोळी वाईजवळ शिंगं-तुंबड्या लावणारी वैदूबाई पारावर बसलेली मी पाहिली आहे. सुश्रुतसंहितेच्या सूत्रस्थानातल्या तेराव्या अध्यायात वातासाठी शिंग, पित्तासाठी जळू, कफासाठी भोपळा अशी सरळ वाटणी केलेली आहे. शिंगातली हवा तोंडाने ओढायची आणि भोपळ्यात दिवा पेटवून तो लावायचा. चीनमध्ये बांबूचे कप. आणि २०१६ च्या रिओ ऑलिंपिकमध्ये जलतरणपटू मायकेल फेल्प्सच्या खांद्यावरचे जांभळे गोल साऱ्या जगाने टीव्हीवर पाहिले. (मराठीतली 'आपली तुंबडी भरणं' ही वेगळी, ती गोसाव्याच्या भिक्षेची. पण कपामागे पैसे म्हटल्यावर मला तीच आधी आठवली, हे कबूल करते.)

आमच्याच घरातलं सांगते. कुणाचं पोट दुखलं की थोरली काकू 'बेंबी सरकली' म्हणायची. उताणं निजवायची, कणकेची इवलीशी पणती करून बेंबीवर ठेवायची, वात पेटवायची आणि वर पितळी तांब्या उपडा घालायची. ज्योत विझायची, आतली तापलेली हवा निवायची आणि आकसायची, आणि पोटाची कातडी अशी वर ओढली जायची की तांब्या धरून उचलला तरी निघत नसे. मी सातेक वर्षांची असताना त्या अवस्थेत मला हसू आलं, तर तांब्या पोटावर जहाजासारखा डुलायला लागला आणि काकूने पाठीत धपाटा घातला. पुढे कळलं की बेंबी बिंबी काही सरकत नसते. पण तांब्या सुटल्यावर पोट हलकं वाटायचं ते वाटायचंच. अण्णांचं यापेक्षा फार वेगळं नाही.

फरक पडतो तो ब्लेडपाशी. कप नुसता लावला, कातडी ओढली, काढला, तर मागे उरतो तो गोल डाग. चिरे दिले की ती छोटी शस्त्रक्रियाच झाली, आणि तिला शस्त्रक्रियेचेच नियम लागतात. तुमच्या पत्रात हे दोन्ही 'कपिंग' या एकाच शब्दात मिसळलंय. अण्णांशी बोलताना ते वेगळं ठेवा, कारण एकाबद्दल घासाघीस करता येईल. दुसऱ्याबद्दल नाही.

त्या फोटोंमधलं काळं रक्त. अण्णांना ते पटलंय, कारण ते डोळ्यांनी दिसतं. तर असं करा. अण्णांची साखर तपासायला लॅबवाला येईल तेव्हा एका साध्या, लाल झाकणाच्या नळीत थोडं रक्त घेऊन ती अर्धा तास स्टँडमध्ये उभी ठेवायला सांगा. तुमचंही घ्या, शेजारी ठेवा. दोन्ही नळ्यांत गडद रंगाची जेली झालेली दिसेल. वाहिनीबाहेर आलेलं, थांबलेलं रक्त साकळतं. नाही साकळलं तर काळजी करायची. कपात येतं ते मुळात कातडीतल्या बारीक वाहिन्यांमधलं, प्राणवायू सोडून आलेलं रक्त, त्यामुळे रंगही काळपट. नासकं काही नाही त्यात. हृदय मिनिटाला पाचेक लिटर रक्त फिरवतं, म्हणजे अंगातलं जवळपास सगळं रक्त मिनिटाभरात एक फेरी मारून येतं. आत्ता कमरेत असलेलं रक्त थोड्या वेळाने कानाच्या पाळीत असणार. नासकं तेवढं कमरेत दबा धरून बसेल कसं? आणि गाळण्याचं काम मूत्रपिंडं करतातच, दिवसाला सुमारे १८० लिटर, फुकट. हृदयातल्या ब्लॉकेजचा तर पाठीच्या कातडीशी काही संबंधच नाही.

मग बरं का वाटतं? मला पटलेली कारणं सांगते. मालिश दाबतं, कप वर ओढतो. आखडलेल्या जागेला ही वेगळी जाणीव मिळते आणि मेंदूपर्यंत जाणारी दुखण्याची वर्दी काही काळ मंदावते. कंबरदुखी मुळात लाटांसारखी असते, आणि माणूस जातो तो लाट सगळ्यात उंच असताना. त्यानंतर ती उतरतेच, श्रेय शेवटच्या उपचाराला मिळतं. मान आणि कंबर यांच्या दुखण्यावर कपिंगने थोडा आराम पडतो असं काही अभ्यासांत दिसलंही आहे. पण ते अभ्यास लहान आहेत, आणि कप लागला की नाही हे रुग्णाला कळतंच, त्यामुळे खऱ्या कपची खोट्या कपशी तुलना धड होत नाही. थोडक्यात, दुखण्यावर तात्पुरता उतारा म्हणून मी त्याला हसणार नाही. साखर, बीपी आणि ब्लॉकेजवर मात्र तो उपाय नाही. तशी जाहिरात करायलाच १९५४ च्या औषधे आणि जादुई उपाय कायद्याने बंदी आहे, आणि मधुमेह, रक्तदाब, हृदयविकार तिन्ही त्या यादीत आहेत. दारावरच्या पाटीचा फोटो काढून ठेवा.

पण मला तुमच्या पत्रातलं सगळ्यात महत्त्वाचं वाक्य वेगळंच वाटलं. स्टेंटनंतर पेनकिलर बंद झाल्या. ते योग्यच होतं. ॲस्पिरिन आणि क्लोपिडोग्रेल चालू असताना वर डायक्लोफिनॅक किंवा आयबुप्रोफेन घेतलं तर पोटात रक्तस्राव होऊ शकतो आणि हृदयालाही ते बरं नाही. पण त्या बदल्यात कंबरेला काय दिलं? काहीच नाही. ३१ वर्षं एसटीच्या सीटवर, इंजिनाची थरथर मणक्यात घेत, कसारा घाट चढ-उतार करणारा माणूस. हृदयाची फाइल झाली, साखरेची फाइल झाली, कंबरेची झालीच नाही. ती फाइल कपिंगवाल्याने उघडली. तो अर्धा-पाऊण तास पाठीला हात लावतो, 'कुठे दुखतं' विचारतो, 'कुठल्या मार्गावर होतात' विचारतो. ओपीडीत अण्णांना तेवढा वेळ कधी मिळाला असेल? आणि, राग मानू नका, घरात?

म्हणून अण्णांना फोन करू नका. सुट्टी काढा, गावी जा, भावाला नेऊ नका. 'भोंदू म्हणाले ते चुकलं माझं' एवढ्याने सुरुवात करा आणि मग नुसतं कंबरेबद्दल विचारा. केव्हापासून, कुठल्या कुशीवर, सकाळी जास्त की रात्री. मध्येच शिकवायला जाऊ नका, मोबाइलवरचे व्हिडिओ तर अजिबात दाखवू नका. हे ऐकताना एक कान धोक्याच्या खुणांकडे ठेवा: पाय बधिर किंवा लुळा पडणं, लघवी-संडासवरचा ताबा जाणं, रात्री झोपेतून उठवणारं दुखणं, ताप, विनाकारण उतरलेलं वजन. यांतलं काही निघालं तर कपही नको आणि व्यायामही नको, सरळ डॉक्टर. ताबा गेला असेल तर त्याच दिवशी.

गोळीचा विषय काढाल तेव्हा त्यांच्याच भाषेत काढा. गाडी मार्गावर काढायच्या आधी ब्रेक बघतात ना? सीट नीट करायला आलेला माणूस म्हणाला, 'मी सीट बसवतो, तोवर ब्रेक ऑइल काढून ठेवा', तर अण्णा ती गाडी घाटात घालतील का? मला वाटतं एवढं पुरेल. नाही पुरलं तर डॉक्टरांची चिठ्ठी आहेच.

तडजोड कुठे करायची तेही सांगते. ब्लेड बंद, यावर माघार नाही. अण्णांच्या गोळ्या रक्त लवकर थांबू देणार नाहीत, आणि मधुमेहात जखम चिघळायला वेळ लागत नाही. सुश्रुतसंहितेचाच दाखला द्यायचा तर तिथेही रक्त कुणाचं काढू नये याची यादी आहे, त्यात अशक्त, पांडुरोगी (म्हणजे रक्त कमी असलेले), गरोदर बाई हे येतात. जुन्या वैद्यांनाही सरसकट सगळ्यांना चिरे देणं मान्य नव्हतं. नुसते कोरडे कप हवेच असतील तर हृदयाच्या डॉक्टरांना विचारून, छोट्या हातपंपाने हवा ओढून लावायचे, थोडा वेळ. आगीचे नकोत, मधुमेहाने कातडीची जाणीव मंदावलेली असली तर भाजलेलं कळतसुद्धा नाही. माझं स्वतःचं मत विचाराल तर दोन्ही गोळ्या चालू आहेत तोवर कोरडेही टाळावेत, नुसत्या ओढीनेही मोठे काळेनिळे डाग पडतात. पण यावर भांडण विकोपाला नेऊ नका.

आणि कंबरेची फाइल खरोखर उघडा. अस्थिरोगतज्ज्ञांना दाखवा, फिजिओथेरपिस्टकडे न्या. सिव्हिल हॉस्पिटलमध्येही फिजिओथेरपीची सोय असते. कंबर आणि पोटाच्या स्नायूंचे व्यायाम दोन-तीन महिने चिकाटीने केले तर फरक पडतो. पहिल्या आठवड्यात नाही पडत, हे अण्णांना आधीच सांगून ठेवा, नाहीतर ते कपांशी तुलना करतील आणि कप जिंकतील. दुखण्यावर चालणारी सुरक्षित गोळी कुठली, हेही डॉक्टरांनाच विचारा. आठवड्यातून दोनदा तुमच्या आईने तेलाचा हात फिरवला तर त्याने कुणाचं वाईट होणार नाही.

राहिल्या तपासण्या. सहा बैठकांत किती रक्त गेलं ते कुणी मोजलेलं नाही. एक मिलिलिटर रक्ताबरोबर साधारण अर्धा मिलिग्रॅम लोह जातं, आणि जेवणातून शरीर दिवसाला जेमतेम एक-दोन मिलिग्रॅम उचलतं. म्हणजे १०० मिलिलिटर गेलं तर भरपाईला महिना-दीड महिना. हिमोग्लोबिन बघा. पुरुषात १३ च्या खाली असेल तर रक्तक्षय आहे, आणि त्याचा भार हृदयावर पडतो. जोडीला हिपॅटायटिस बी, सी आणि एचआयव्ही. दचकू नका, ब्लेड नवं होतं का आणि कप कसे धुतले, हे आपल्याला माहीत नाही, म्हणून. एचआयव्हीची तपासणी सरकारी आयसीटीसी (समुपदेशन आणि तपासणी) केंद्रात मोफत होते. आता एकदा करा आणि पुन्हा केव्हा करायची ते डॉक्टरांना विचारा, कारण ताजा संसर्ग लगेच दिसत नाही.

इतर वाचकांपैकी ज्यांना ना स्टेंट आहे, ना मधुमेह, ना रक्तक्षय, ना गरोदरपण, आणि तरीही कपिंग करून घ्यायचंच आहे, त्यांनी करणाऱ्याची पदवी आणि नोंदणी क्रमांक विचारावा. बीयूएमएस (युनानी) किंवा बीएएमएस (आयुर्वेद) असेल तर महाराष्ट्र काउन्सिल ऑफ इंडियन मेडिसिनकडे नाव असतं. भिंतीवरचं तीन दिवसांच्या कोर्सचं प्रमाणपत्र म्हणजे नोंदणी नव्हे. ब्लेडचं पाकीट तुमच्यासमोर फोडायला लावा. वापरलेलं ब्लेड कुठे जातं ते बघा: जैविक कचऱ्याच्या नियमांनुसार ते पांढऱ्या, न भोसकल्या जाणाऱ्या डब्यात आणि रक्ताळलेला कापूस पिवळ्या पिशवीत जायला हवा. साध्या बादलीत पडताना दिसलं तर शर्ट घाला आणि निघा. आणि तुमच्या गोळ्यांची यादी न मागता जो कामाला लागतो, त्याच्या हाती पाठ देऊ नका.

ताज्या कलमाबद्दल. आईला सांगा, ते काळे गोल म्हणजे कातडीखाली फुटलेल्या बारीक वाहिन्यांचं रक्त, मुका मार लागल्यावर येतं तसंच. एक-दोन आठवड्यांत जांभळ्याचे हिरवट, मग पिवळट होत विरतात. अण्णांच्या गोळ्यांमुळे थोडे जास्त दिवस राहतील. चिऱ्यांच्या बारीक रेषा मात्र बऱ्याच काळ दिसतील. त्यांतली एखादी लाल, गरम किंवा ओली दिसली तर हळद भरत बसू नका, त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवा.